अकरा वाजता झोपेत

वॉर्डात तिला 'कागदवाली' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. चौदा वर्षं तिने याच हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून पाळ्या केल्या होत्या. प्लास्टर, ड्रेसिंग, बेडपॅन, नातेवाइकांची भांडणं, सगळं पाहून झालं होतं. मग नर्सिंग कॉलेजच्या प्राध्यापक मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला आणि त्यासाठी रुग्णांशी गप्पा मारायची सवय असलेली नर्स मागितली. हिने हात वर केला. गणवेश तोच राहिला, फक्त हातात सुईऐवजी पॅड आलं.

हात वर करण्यामागे मोठं ध्येय वगैरे काही नव्हतं. तिला मूळचीच खोड होती. 'हे असंच असतं' असं कुणी म्हटलं की तिचं समाधान होत नसे. म्हातारी माणसं ऑपरेशननंतर जरा बरळतात, ते असंच असतं, हे तिने चौदा वर्षं ऐकलं होतं.

अभ्यास साधा दिसायचा. सत्तरीच्या पुढचं कुणी खुब्याचं हाड मोडून आलं, की ऑपरेशननंतर पाच दिवस रोज सकाळी अकराला त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसायचं. आज वार कोणता? आपण कुठे आहोत? आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवा. मग ती एकेक अक्षर हळू म्हणायची, आणि 'आ' ऐकू आला की समोरच्याने तिचा हात दाबायचा. एकाएकी डोक्यात उडणाऱ्या या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं पावलापावलाने येतो, हा दोन दिवसांत येतो, आणि कारण सापडलं तर बहुतेकदा जातोही. ज्यांचं अंग आधीच खचलेलं असतं त्यांना तो जास्त होतो का, हे मॅडमना मोजायचं होतं. म्हणून पिशवीत हाताची पकड मोजायचं यंत्रही असायचं. ते दाबून बघायचा मोह डॉक्टरांनाही आवरत नसे.

बारा नंबरच्या कॉटवरचे आजोबा हे तिचे चौसष्टावे.

वय एक्याऐंशी. बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. ती माहितीपत्रक घेऊन गेली तेव्हा ते पाठीला दोन उशा लावून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून भिंतीवरच्या सूचना वाचत होते. शेजारी स्टुलावर आजी बसल्या होत्या.

"आजोबा, आमच्या अभ्यासात तुम्ही यावं अशी विनंती आहे. हे वाचून बघा. काही कळलं नाही तर मी तुमची मदत करते."

"माझी कुठली मदत करता?" आजोबा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमची मदत करते, असं नसतं. तुम्हाला मदत करते. टीव्हीवाल्यांनी बिघडवलंय सगळं. पेन्सिल आहे?"

"द्या हो त्यांना पेन्सिल," आजी म्हणाल्या. "नाही दिली तर सही व्हायची नाही. छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला. घरी वाण्याची यादीसुद्धा तपासून देतात."

आजोबांनी दोन पानांत अकरा चुका काढल्या. सगळ्यात जास्त राग त्यांना 'आपल्या सहभागाचे महत्व' या ओळीचा आला. "महत्त्वात दोन त असतात, सिस्टर. एक तुमच्याकडून हरवलाय. प्राध्यापकबाईंना सांगा, सापडला तर बघा म्हणावं."

सही झाली. आजींनी बाहेर व्हरांड्यात आल्यावर हळूच सांगितलं, की दोन वर्षांपासून विसरायला लागलेत. चहा झाला की नाही ते विसरतात, शेजाऱ्याचं नाव विसरतात. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हटलंय. "पण भांडायचं विसरलेले नाहीत. बावन्न वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. पहिल्या दिवशी अकराला आजोबा कुरकुरत होते. अंगाला खाज सुटलीय, चष्मा कुणी उचलला, चहा थंड आहे. वार उलटे म्हणताना बुधवार गाळला, पण लगेच स्वतःच सुधारला. तिने फॉर्मवर गुण लिहिले. डिलिरियम नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला ते झोपले होते. तिने दोनदा हाक मारली, त्यांनी डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन होता: 'रुग्ण झोपेत, चाचणी घेतली नाही'. तिने त्यात खूण केली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिने तीच खूण केली.

"सोन्यासारखा पेशंट आहे गं," वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. त्या आणि कागदवाली एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, त्यामुळे दोघींमध्ये अगं-तुगं. "पहिल्या दिवशी वाटलं होतं, हा म्हातारा आपल्याला पळवणार. आता एक शब्द नाही. तो सातवाला बघ, सलाईन उपटतो, पलंगावरून उड्या मारतो. तुझा अभ्यास त्याच्यावर कर."

सातव्या कॉटवरच्या गृहस्थांना खरंच डिलिरियम होता आणि त्यात कुणालाच शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कागदवाली त्यांच्यासाठीच पुन्हा वर आली होती. सकाळी त्यांनी पकडीचं यंत्र इतकं घट्ट धरून ठेवलं होतं की सोडेचनात, ते आता परत घ्यायचं होतं. चार ही भेटीची वेळ. जिन्याजवळच्या बाकावर बारा नंबरच्या आजी एकट्याच बसलेल्या दिसल्या.

"आजी, आत नाही गेलात?"

"जाऊन आले." आजींनी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले. "सिस्टर, एक विचारू? हसू नका."

"विचारा की."

"हे माझं ऐकतायत."

कागदवालीला हसू आलंच. आजी मात्र हसल्या नाहीत.

"मी म्हटलं, पेज आणलीय, दोन घास घ्या. घेतले. म्हटलं, भाचीचा फोन आला होता, तिला मी तुमच्यातर्फे सॉरी म्हटलं. त्यावर नुसतं 'बरं' म्हणाले. भाचीशी सहा वर्षं बोलत नाहीत. मी मुद्दाम खोटं बोलले, बघावं काय म्हणतात. बरं म्हणाले. सिस्टर, आत जो माणूस आहे ना, तो शहाण्यासारखा वागतोय. हे नाहीत ते."

कागदवाली यंत्राचं विसरली. ती सरळ बारा नंबरवर गेली.

आजोबा जागे होते, निदान डोळे तरी उघडे होते. नजर छताच्या पंख्याकडे, पण पंखा बघत होते असं नाही. ओठ कोरडे. चष्मा नव्हता. ती स्टूल ओढून बसली.

"आजोबा, मी आलेय. उशी सरळ करू? मी तुमची मदत करते."

"बरं," आजोबा म्हणाले.

तिने मुद्दाम पुन्हा म्हटलं, "मी तुमची मदत करते हं."

"बरं."

मग तिने फॉर्ममधलेच प्रश्न विचारले. वार? बऱ्याच वेळाने, "सकाळ." वार उलटे? "शनिवार, शुक्रवार," आणि तिथेच थांबले, जसं कुणी दार लावून घ्यावं. 'आ' ऐकला की हात दाबा म्हटल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. आ आला, क आला, म आला, हात तसाच. तिला पहिल्या दिवशीचे ते पेन्सिलवाले आजोबा आठवले आणि स्वतःच्या दोन खुणाही आठवल्या. दोन दिवस सकाळी अकराला. माणूस सकाळी अकराला इतका का झोपेल, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. वास्तविक तिला सगळ्याबद्दलच प्रश्न पडत.

इनचार्ज टेबलावर औषधांचा हिशेब लावत होती.

"बाराला डिलिरियम आहे," कागदवाली म्हणाली.

"बाराला? अगं, तो हूं की चूं करत नाही."

"तेच तर. शांत डिलिरियम. सातवा आरडाओरडा करतो म्हणून दिसतो. हा दिसत नाही."

"वय बघ. आधीच विसरभोळे आहेत. ऑपरेशन झालंय, थकले असतील."

"पहिल्या दिवशी थकले नव्हते. चार्ट देतेस?"

इनचार्जने चार्ट दिला, पण मान नकारार्थी हलवत. दोघी उभ्याउभ्याच वाचू लागल्या. ताप नाही. रक्तदाब ठीक. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढलेली, पुढे तीन पाळ्यांत 'लघवी होते' असं लिहिलेलं. औषधांच्या पानावर कागदवालीचं बोट थांबलं. पहिल्या दिवशीच्या खाजेसाठी कुणीतरी ॲलर्जीची गोळी लिहिली होती, दिवसातून तीनदा. खाज एका दिवसात गेली होती. गोळी चालूच होती.

"ही गोळी मलासुद्धा झोपवते," कागदवाली म्हणाली. "मागे सर्दीला घेतली होती, तर मी भाजी चिरता चिरता पेंगले होते. एक्याऐंशीव्या वर्षी, त्यात स्मृतिभ्रंश. आणि ही लघवीही अडवते."

"पण लघवी होतेय ना. लिहिलंय."

"किती होतेय?"

इनचार्जने चार्टवर बोट फिरवलं, आकडा कुठेच नव्हता. ती चांगली नर्स होती. तिला प्रश्न कळला तसा तिने पेन ठेवलं, आणि दोघी बारा नंबरवर गेल्या. पांघरूण बाजूला केलं. चादरीवर ओल होती, थोडी, थेंबाथेंबाने झालेली. इनचार्जने बेंबीखाली हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. पोट ढोलकीसारखं ताठ होतं.

तरुण डॉक्टर पाच मिनिटांत आले. मशीन लावून बघितलं तर मूत्राशयात जवळपास एक लिटर साठलेलं. जे बाहेर पडत होतं ते नुसतं वरचं ओसंडणारं होतं. नळी घातली. डॉक्टरांनी गोळीवर आडवी रेघ मारली, तारीख टाकली, आणि ओशाळून म्हणाले, "अक्षर माझंच आहे. बंद कधी करायची ते लिहायचं राहिलं."

आजोबांचं तोंड मात्र तसंच राहिलं. आजी कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं, आता डोळे उघडतील आणि काहीतरी बोलतील.

"लगेच नाही होणार, आजी," कागदवाली म्हणाली. "दोन दिवस, चार दिवस. जास्तही लागतील. पण तुम्ही इथे हव्यात, भेटीच्या वेळेपुरत्या नाही. दिवसभर."

तिने इनचार्जकडे बघितलं. नियम इनचार्जच्या हातात होता.

"बसू दे," इनचार्ज म्हणाली. "स्टूल नको, खुर्ची आणते."

चष्मा ड्रॉवरमध्ये सापडला, मोज्यात गुंडाळलेला. खिडकीचा पडदा सरकवला. आजोबांना दिवसातून दोनदा खुर्चीत बसवायचं ठरलं. आजी सकाळी आठला यायच्या आणि बोलत बसायच्या. उत्तर येवो न येवो. चौथ्या दिवशी काही फरक नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. सहाव्या दिवशी वार उलटे म्हणताना मंगळवारपर्यंत पोहोचले. अभ्यासाचे पाच दिवस संपले होते, तरी कागदवाली जात होती, वहीत वेगळं लिहीत होती. सातव्या दिवशी ती गेली तेव्हा आजोबा आजींना ठणकावून सांगत होते की भाचीला सॉरी म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला.

"म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं तुम्हाला?" आजींनी विचारलं.

"काय ऐकू येत होतं? मला आताच सांगितलंस ना तू."

आजींनी डोळे पुसले आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

कागदवालीला मात्र चैन पडेना. त्या आठवड्यात तिने कॉलेजच्या छोट्या खोलीत बसून जुने फॉर्म बाहेर काढले. त्रेसष्ट माणसं, तीनशेच्या वर कागद. 'झोपेत' या चौकोनात खुणा एकाहत्तर. सगळ्या तिच्याच हातच्या. त्या एकोणतीस माणसांच्या होत्या, आणि त्यातल्या अकरा जणांना सलग दोन किंवा जास्त दिवस झोपेत दाखवलं होतं. त्या अकरा जणांच्या फायली तिने रेकॉर्ड खोलीतून मागवल्या. सात जण वॉर्डात आठवडाभर जास्त राहिले होते. दोघं घरी न जाता वृद्धाश्रमात गेले होते. एका आजींच्या फाइलमध्ये सुनेने दिलेली चिठ्ठी टाचलेली होती: 'सासूबाई ओळखत नाहीत, कृपया बघावे.' त्याच दिवशीच्या तिच्या फॉर्मवर 'झोपेत' अशी खूण होती. त्या चिठ्ठीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली. आधी कबुली दिली, की आजोबांना तिने मुद्दाम चुकीचं वाक्य बोलून दाखवलं, ते पद्धतीत बसत नाही.

"गुणांत धरू नका, टीप म्हणून लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणखी?"

तिने एकाहत्तरचा आकडा पुढे ठेवला. मॅडमनी चष्मा काढला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"तो चौकोन मीच घातला होता," त्या म्हणाल्या. "झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवू नये, एवढ्याच विचाराने."

"मीही उठवलं नाही. चांगलं वाटायचं मला, झोपलेत बिचारे म्हणून."

"पण हे बघा. हे अकरा जण मुळातच जास्त आजारी असतील, म्हणून झोपत असतील आणि म्हणूनच जास्त राहिले असतील. तसंही असू शकतं."

"असू शकतं."

"मग कसं ओळखायचं?"

कागदवालीने यावर रात्रंदिवस नाही, पण बसच्या दोन्ही खेपांत विचार केला होता. "माझ्याकडे त्या माणसाचा ऑपरेशननंतरचा कागद असतो. आधीचा नसतो. बाराच्या आजोबांचं मला कळलं, ते आजींमुळे. त्यांना आधीचा माणूस पाठ होता. आपण घरच्यांना विचारतच नाही. मी अकराला जाते, ते चारला येतात. आमची गाठच पडत नाही."

मॅडम हसल्या. "एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पण विचारायचं काय ते कळलं. लिहून आणा."

तिने एक पान तयार केलं. दाखल होण्याच्या दिवशी घरच्यांना विचारायचं: तुमचा माणूस एरवी कसा असतो? आणि रोज भेटीच्या वेळी एकच प्रश्न: आज ते त्यांच्यासारखे आहेत का? 'झोपेत' चौकोन काढून टाकला. त्याजागी, हाक मारल्यावर किती वेळ डोळे उघडे राहतात, हे मोजायचं ठरलं. मंजुरीच्या समितीने दीड महिना घेतला. इनचार्जने मात्र वाट पाहिली नाही. तिच्या वॉर्डात पाळी बदलताना कुणी 'शांत आहे' एवढंच सांगितलं, तर ती विचारू लागली, "शांत म्हणजे कसा शांत?"

तीन महिन्यांनी कागदवाली बारा नंबरच्या आजोबांच्या घरी गेली. अभ्यासात तेवढी एक घरभेट ठरलेली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दारात वॉकर, भिंतीला धरायला नवी दांडी. आजोबांनी तिला ओळखलं नाही.

"गॅसवाल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही, दवाखान्यातली. तुमची पकड मोजायची आहे."

पकड दाखल झाले तेव्हापेक्षा तीन किलोने कमी भरली. खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागत होते. चार मीटर चालायला बारा सेकंद. मधेच त्यांनी पुन्हा विचारलं, गॅसवाल्या का, आणि तिने पुन्हा सांगितलं. ते झोपायच्या खोलीत गेल्यावर आजींनी चहा ठेवला.

"भांडतात का?" कागदवालीने विचारलं.

"भांडतात. पण अर्ध्यात विसरतात, कशावरून ते. मग मीच आठवण करून देते. नाहीतर तसंच राहून जातं बिचाऱ्यांचं." आजींनी कप पुढे केला. "सिस्टर, पडायच्या आधी होते तेवढे तरी होतील का?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही वाटत मला, आजी. कमी झालेत ते त्या आठवड्याने किती आणि आधीच्या आजाराने किती, हेही मला सांगता येत नाही. अजून नीट कुणालाच सांगता येत नाही."

आजींनी साखरेचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "मग शोधा की."

"शोधतेय."

"आणि लवकर. आम्ही काही फार थांबणार नाही."

नवीन पान छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी दाखल झाल्या. सोबत मुलगी होती. बस चालवायची, गणवेशातच धावत आली होती. कागदवाली तिच्याशेजारी बाकावर बसली आणि विचारलं, "तुमची आई एरवी कशी असते?"

"कशी म्हणजे? साधीच आहे."

"साधी म्हणजे?"

हा प्रश्न मुलीला आजवर कुणी विचारला नसावा. "जेवताना बोलत नाही," ती म्हणाली. "नंतर मात्र थांबत नाही. कुणी लंगडताना दिसलं की बूट चावतो की गुडघा दुखतो, ते लांबूनच सांगते. चपलांचं दुकान होतं ना तिचं. मी घरी आले की आधी माझ्या पायांकडे बघते, मग तोंडाकडे."

"आज बघितलं?"

मुलीने मागे वळून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "आज आल्याबरोबर म्हणाली, मोजे उलटे घातलेस."

कागदवालीने लिहून घेतलं. पान भरलं होतं. तिने ते उलटलं आणि म्हणाली, "सांगा, आणखी."